चौकटीखाली राहिलेली रेघ

माझ्या बहिणीच्या कानांची तपासणी १९८८ च्या फेब्रुवारीत ठाण्याला झाली. त्या तपासणीतला उजव्या कानाचा कागद माझ्याकडे आहे. पोस्टकार्डाएवढा, गुळगुळीत. त्यावर निळ्या शाईने आधीच छापलेली एक चौकट आहे आणि यंत्राने उमटवलेली काळी रेघ. रेघ डावीकडून सपाट येते, मध्ये टेकडीसारखी चढते आणि पलीकडे उतरते. टेकडीचा माथा चौकटीच्या आत यायला हवा. तिच्या टेकडीचा माथा चौकटीच्या तळरेषेच्या खाली राहिला, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा.

हा कागद उष्णतेने उमटणारा असतो. काही वर्षांनी त्यावरची रेघ उडत जाते. आता ती उजेडाकडे धरून शोधावी लागते. चौकट शाईची असल्यामुळे जशीच्या तशी आहे.

आम्ही आगरी. गाव डोंबिवली आणि शीळफाटा यांच्या मधले. आजोबा खाडीकाठच्या मिठागरांवर काम करीत, वडिलांनी भातशेती केली आणि ते लवकर गेले. घरात आई, वडिलांची थोरली बहीण म्हणजे आत्या, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी लहान बहीण. मी ठाण्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. बहीण दहावी झालेली होती. आत्या धवलारीण होती.

हा शब्द आता आमच्या गावातल्या मुलांनाही समजावून सांगावा लागतो. आमच्याकडे लग्नात भटजी असतो तशी धवलारीणही असते. मांडव, घाणा, हळद, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. तो म्हटल्याशिवाय विधी पुरा झाला असे जुनी माणसे मानत नसत. धवलारीण ओळीचा पुढचा, म्हणजे सुरुवातीचा, अर्धा भाग म्हणते आणि तिच्या पाठीमागे बसलेली बाई उरलेला अर्धा पुरा करते. त्या बाईला आमच्या घरात ‘मागची’ म्हणत. बहीण चौदाव्या वर्षापासून आत्याची मागची होती.

काही लिहिलेले नव्हते. आत्याला लिहिता येत नव्हते, आणि येत असते तरी तिने लिहिले नसते. तिचा दुसरा नियम त्याहून कडक होता. लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही. मी एकदा ऑफिसातला टेपरेकॉर्डर घरी आणला होता. तिने त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “लगीन कोनाचं हाय?”

“कोणाचं नाही, आत्या. फक्त भरून ठेवू.”

“मंग कोनाचं लावू? भुताचं? उचल तुजा डबा.”

त्यामुळे शिकणे फक्त लग्नसराईत व्हायचे. मागचीने आधी काही वर्षे नुसते ओळीचे शेपूट धरायचे. मग एखाद्या सराईपासून धवलारीण तिला ‘पुढची’, म्हणजे ओळीचा तो पहिला अर्धा, द्यायला लागे. देण्याची रीत अशी: भर मांडवात धवलारीण तिच्या शेजारी सरकून बसायची आणि ती पुढची तिच्या कानात कुजबुजायची. बाहेर बेंजो, आत मुसळांचे ठोके, बायकांचा गलका. त्या सगळ्यात ती कुजबूज एकदाच ऐकायची आणि लगेच मोठ्याने म्हणायची. दुसऱ्यांदा सांगायला विधी थांबत नसे. सगळे धवले असे द्यायला बऱ्याच सराया जात. ज्या मुलीला असे ऐकू येत नाही ती कायम मागची राही. आत्याने बहिणीच्या आधी दोन मुलींना पारखून घरी पाठवले होते.

१९८७ च्या दिवाळीनंतर आत्याने बहिणीला सांगितले, “येत्या सराईत पुढची देईन तुला. आठ वर्सं झाली. माजा गला आता वरती चरत नाय.”

बहिणीने त्याच वेळी नोकरीसाठी अर्ज केला होता. शहाडच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर बाई हवी होती. मुलाखत झाली, निवड झाली, वैद्यकीय तपासणी बाकी होती. आत्याला नोकरीचे काम समजावून सांगितले तेव्हा ती हसली.

“दिवसभर दुसऱ्यांचं बोलनं आयकायचं नि त्याचा पगार घ्यायचा? आमी तं फुकट आयकतो गो.”

कारखान्याने ज्या डॉक्टरांकडे पाठवले ते ठाण्याला कान-नाक-घशाचा दवाखाना चालवत. माझे ऑफिस जवळ होते म्हणून मी बहिणीबरोबर गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, सौजन्यशील. यंत्र नवे होते आणि परदेशी होते. डॉक्टर ते स्वतः चालवत.

आधी कानांवर हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवले. बहिणीने प्रत्येक आवाजाला बोट वर केले. डॉक्टर म्हणाले, “छान. कान तीक्ष्ण आहेत.” मग दुसरी तपासणी. कानात रबराचे बूच बसवले. घाटात गाडी चढताना कानाला दडा बसतो तसा दाब आत जातो आणि कमी होतो, त्या वेळी कानाचा पडदा किती हलतो ते यंत्र मोजते. तपासून घेणाऱ्याला काही करायचे नसते. नुसते बसायचे, आवंढाही गिळायचा नाही. बहीण डोळे मिटून बसली होती. उजव्या कानाचा कागद बाहेर आला, मग डाव्याचा. दोन्हींवर टेकडी चौकटीच्या खाली.

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले.

“आज ऐकायला उत्तम येतं आहे,” ते म्हणाले. “पण पडदा हवा तेवढा हलत नाही. पडद्यामागे तीन बारीक हाडांची साखळी असते. ती घट्ट होत चालली असावी. ही सुरुवात असते.”

मी विचारले, “यंत्र बरोबर आहे हे कशावरून?”

ते रागावले नाहीत. “पत्रकार ना? बरोबर आहे, विचारायलाच हवं. बसा त्या खुर्चीत. तुमच्याच कानाला लावून बघू.”

मी बसलो. माझी टेकडी चौकटीत आली. तळरेषेच्या जवळ होती, पण आत होती.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले. “एकाच घरातले, एकाच आईचे. तुमचा आत आहे म्हणजे यंत्र ठीक आहे.”

हा पडताळा मी मागितला होता. दुसऱ्या बाजूने खात्री करून घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, असे मला शिकवलेले होते. तो पडताळा मी मागितला नसता तर डॉक्टरांच्या मनात शंका शिल्लक राहिली असती की नाही, हे आता सांगता येणार नाही.

मग त्यांनी विचारले, “घरात कोणाला कमी ऐकू येतं का?”

“आईला,” मी म्हणालो.

“हं. हे घराण्यात चालतं.” त्यांनी ते लिहून घेतले.

आईचा उजवा कान ती आठ वर्षांची असताना फुटला होता. त्यातून वर्षभर पू यायचा. कानात काय काय घातले गेले याच्या गोष्टी ती आम्हाला सांगत असे. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते, मलाही. डॉक्टरांनी कान कसा गेला हे विचारले नाही आणि मी सांगितले नाही. प्रश्न विचारला तेवढ्याचे उत्तर दिले.

बहिणीने डॉक्टरांना एकच विचारले. “हळू बोललेलं आधी ऐकू यायचं बंद होतं का?”

“साधारण तसंच. हळू आवाज आधी जातात.”

“किती वर्षांत?”

“पाच, दहा. नक्की कोणी सांगू शकणार नाही.”

परत येताना आम्ही शीळफाट्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो. ती खिडकीशी होती. मुंब्र्याच्या पुढे गेल्यावर तिने माझ्याकडे न बघता सांगितले, “दादूस, कायतरी हलू बोल.”

मी ओठ जेमतेम हलवून तिच्या मैत्रिणीचे नाव घेतले. तिने ते परत म्हटले. मी कंडक्टरच्या पाठीवर असलेल्या डागाबद्दल काही बोललो. तेही तिने जसेच्या तसे म्हटले, आणि हसली. मग तिने विचारले, “मना येतंय ना आयकू?”

“आज येतंय.”

“मंग?”

“कागदावर आलंय ते खोटं कसं असेल?”

ती पुन्हा खिडकीकडे वळली.

घरी आत्याने आपली परीक्षा घेतली. दुपारची वेळ होती. आईला तिने मागच्या पडवीत मिरची कुटायला बसवले, बहिणीला ओट्यावर उभे केले आणि स्वतः पलीकडच्या भिंतीशी जाऊन, तोंडावर पदर धरून कुजबुजली. बहिणीने ओट्यावरून उत्तर दिले, “मुंगी चरली पायावर. कोनाच्या? तुज्या.” आत्या आणखी लांब गेली. आईला म्हणाली, “जोरात कूट गो.” पुन्हा कुजबुजली. बहिणीने पुन्हा बरोबर सांगितले. असे पाच-सहा वेळा. आईला यातले काहीच ऐकू येत नव्हते. ती मुसळ थांबवून विचारत होती, “काय बोल्ली? काय बोल्ली?”

आत्या पदर झटकत आत आली. “जल्लं तुजं मशीन. पोरीचे कान माज्यापेक्षा चांगले हायेत.”

मी दोन्ही कागद खाटेवर ठेवले. चौकट म्हणजे काय ते सांगितले. चांगल्या कानांच्या माणसांच्या रेघा जिथे येतात तिथे ही चौकट आखलेली असते, तिच्या खाली गेले की दोष, दोष आज कळत नाही पण वाढत जातो, आज ऐकू येते हा दोष नसल्याचा पुरावा नाही. मी अवघड गोष्ट साध्या शब्दांत सांगण्याचे काम रोज करत होतो आणि ते मला चांगले येत होते. आत्या ऐकत राहिली. बोलणे संपले तेव्हा तिने विचारले, “ही चवकट कोनी आखली?”

“कंपनीने. शास्त्रज्ञांनी.”

“त्यांनी आपली मानसं कवा बगितली?”

मी म्हणालो, “आत्या, कान सगळ्यांचे सारखेच असतात.”

हे वाक्य मी बोललो. त्यावर वाद झाला नाही. घरात शिकलेला मी एकटा होतो.

कारखान्याचे नकाराचे पत्र दहा दिवसांनी आले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्याच आठवड्यात गावात त्या सराईतले पहिले लग्न होते. सकाळी मांडवाला जायचे होते. आत्या नेसून तयार होती. बहीण चुलीपाशी बसून राहिली.

“ऊठ ना गो. उशीर व्हतंय.”

“आत्या, मी नाय येत.”

“का गो?”

“पुढची तू मना देशील. मी घेईन. नि पाच वर्सांनी भर मांडवात कुजबूज आयकू नाय आली तं? लगीन अर्ध्यात थांबल. त्यापेक्षा दुसरी कोन बघ.”

“आज आयकू येतंय ना? आजचं आज घे. पाच वर्सांचं पाच वर्सांनी बगू.”

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी पायात चपला घालत होतो. ऑफिसची वेळ झाली होती. मी म्हणालो, “डॉक्टरांनी लिहून दिलंय, आत्या. तिला उगाच भरीला पाडू नकोस.”

आत्या एकटी गेली. त्या सराईत आणि नंतरच्याही ती एकटीच जात राहिली. दुसरी कोणी तिने बघितली नाही. एक-दोन ठिकाणी शेजारच्या बायका मागे बसल्या, पण त्यांना ओळींचे शेवट येत नव्हते. गावात लोकांनी विचारले की आत्या सांगे, “पोरीला बरां नाय.”

१९९० मध्ये बहिणीचे लग्न झाले. मुलगा कोपरचा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. त्यांच्या घरच्यांना मी आधीच कागद दाखवला होता. सासरा म्हणाला, “आमच्या घरात सगली ओरडूनच बोल्तात. चिंता नको.”

हळद सकाळी होती. बहीण पाटावर बसली. आत्या तिच्या समोर बसली आणि तिने धवला सुरू केला. आवाज चिरकला होता, पण शब्द स्पष्ट होते. ओळीचा पुढचा अर्धा म्हणून ती थांबली. मागे कोणी नव्हते. जेवढा वेळ मागची घेते तेवढा वेळ ती थांबली आणि पुढची ओळ सुरू केली. पुन्हा तेवढीच थांबली. मला वाटले एकदोन ओळींनंतर ती सलग म्हणायला लागेल. ती शेवटपर्यंत प्रत्येक ओळीला थांबत राहिली.

नवरीने आपल्या हळदीला स्वतः धवला म्हणायचा नसतो. बहीण मान खाली घालून बसली होती. तोंडाला हळद लागलेली. आत्या थांबली की तिचे ओठ हलत. आवाज येत नव्हता. आत्या तिच्या ओठांकडे बघत होती आणि ओठ मिटले की पुढची ओळ घेत होती. मांडवात हे आणखी कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही. मी जवळ उभा होतो.

आत्या १९९४ च्या श्रावणात गेली. शेवटचे दोन महिने ती अंथरुणाला होती. बहीण कोपरहून दिवसाआड यायची. तिला तोवर एक मुलगी झाली होती. ती आत्याला भरवायची, अंग पुसायची, वेणी घालायची. एका दुपारी मी घरी होतो. आत्या डोळे उघडून म्हणाली, “गावात कोनाचं लगीन हाय का गो?”

“नाय गो आत्या. चातुर्मास लागला.”

“एक पन नाय?”

“नाय.”

आत्याने तिच्याकडे बघितले आणि डोळे मिटले. बहीण वाटीतली पेज ढवळत राहिली. लग्न नसताना म्हण, असे ती म्हणाली नाही. आत्याने मोडला नसता असा नियम तिने मोडायला लावला नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या गेली.

१९९७ मध्ये डोंबिवलीत, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, ऐकण्याच्या तपासणीचे एक छोटे केंद्र सुरू झाले. तिथे बातमीसाठी गेलो. केंद्र चालवणारी बाई तिशीची होती, या विषयाचे शिक्षण घेतलेली. तिच्याकडे तसेच यंत्र होते, नव्या बनावटीचे. मी म्हणालो की हे मी पूर्वी पाहिले आहे. ती म्हणाली, “मग बसा, दाखवते.” माझा कागद बाहेर आला.

“जेमतेम आत आहात,” ती म्हणाली.

“माझ्या बहिणीचा खाली होता.”

मला वाटले ती गंभीर होईल. ती यंत्रातून कागद तोडून घेत सहज म्हणाली, “असणारच. किती उंच आहे ती?”

“माझ्या खांद्याला लागते.”

“मग तर असणारच.”

मी वही बाहेर काढली आणि विचारले, का.

तिने जे सांगितले ते मी त्या वहीतून उतरवतो आहे. यंत्राबरोबर येणारी चौकट परदेशातल्या, तिकडच्या माणसांच्या कानांवरून आखलेली. कानाच्या नळीत मावणारी हवा, पडद्याचा ताण, मागची पोकळी, ही मापे माणसामाणसात वेगळी असतात. वंशाप्रमाणे फरक पडतो, अंगकाठीप्रमाणे पडतो, आणि बायकांची रेघ सहसा पुरुषांपेक्षा खाली येते. दोन्ही एकत्र आले की धडधाकट कानाची टेकडीही चौकटीबाहेर राहू शकते.

“पहिल्या वर्षी मीही अशा सगळ्या बायकांना डॉक्टरांकडे पाठवत होते,” ती म्हणाली. “मग लक्षात आलं की त्यांचं ऐकणं ठणठणीत आहे आणि वर्षानं पुन्हा तपासलं तरी तसंच आहे. आता चांगल्या कानांच्या बायका आल्या की त्यांची मापं वेगळी लिहून ठेवते.” तिने एक शाळेची वही दाखवली. “यानं काही सिद्ध होत नाही. पण नुसत्या चौकटीवरून मी आता कोणाला आजारी म्हणत नाही.”

“आणि एकाच घरातला भाऊ आत आला तर? म्हणजे यंत्र बरोबर?”

“यंत्र बरोबरच असतं. भाऊ पुरुष असतो.”

मी लिहायचे थांबलो. तिने विचारले, “बहिणीला ऐकू येतं ना अजून?”

नऊ वर्षे झाली होती. बहिणीचे ऐकणे कमी झाले आहे का, हे मी कधी तपासून पाहिले नव्हते. कोपरच्या तिच्या घरी गेलो की ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतले बोलणे ऐकून मध्ये उत्तर देत असे. आम्ही सगळे त्यावर हसत असू.

मी तिला पुढच्या आठवड्यात घेऊन गेलो. हेडफोनवर सगळे आवाज तिने ऐकले. यंत्राचा कागद बाहेर आला. टेकडी चौकटीच्या तळाखाली, तांदळाच्या दाण्याएवढी. मी उजव्या कानाचा जुना कागद सोबत नेला होता. त्या बाईने दोन्ही एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले. रेघा एकमेकींवर बसल्या.

“काहीही बदललेलं नाही,” ती म्हणाली. “ताई, तुमचे कान चांगले आहेत. तेव्हाही चांगलेच होते. तेव्हा काळजी का वाटली डॉक्टरांना? घरात कोणाला ऐकू येत नव्हतं का?”

मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, “आमच्या आईचा एक कान लहानपणी फुटला होता. पू यायचा.”

“मग तो विषयच वेगळा. त्याचा तुमच्याशी संबंध नाही. हे त्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं?”

बहीण माझ्याकडे वळली. “दादूस, तू सांगितला नवता?”

“त्यांनी कसं ते विचारलं नाही.”

तिने पर्समधून रुमाल काढून कानांना लागलेला रबराच्या बुचाचा ओलसरपणा पुसला, आधी एक कान, मग दुसरा. त्या बाईचे आभार मानले. बाहेर आल्यावर मी दोन्ही कागद तिच्यापुढे धरले.

“तूच ठेव,” ती म्हणाली. “तुला कागद लागतात.”

ती रिक्षात बसून कोपरला गेली. मी ऑफिसात जाऊन बातमी लिहिली. केंद्राचा पत्ता, वेळ, तपासणीचा प्रकार. चौकटीबद्दलचे दोन परिच्छेद जागा नसल्यामुळे कापले गेले.

पुढच्या मे महिन्यात गावात चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. मांडवात स्पीकर लावले होते आणि हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटी वाजत होत्या. धवला म्हणणारे गावात कोणी उरले नव्हते. मुलीची आजी हट्टाला पेटली. “एक तरी व्हऊद्या. धवल्याबिगर माजी नात पाटावरून उठनार नाय.” तिने बहिणीचा हात धरला. “तू तं बसायचीस गो तिच्यामागं.”

बहीण नको म्हणाली. आजीने हात सोडला नाही. शेवटी कोणीतरी कॅसेट बंद केली.

पाटासमोर धवलारणीची जागा मोकळी ठेवलेली होती. बहीण तिथे बसली नाही. त्या जागेच्या हातभर मागे बसली. सगळे गप्प झाले. तीही गप्प होती. मुलीची आई अस्वस्थ होऊन म्हणाली, “चालू कर ना.” बहिणीने हात वर करून थांब अशी खूण केली. ती काही मोजत असावी तशी बसली होती. मग तिने एका ओळीचा शेवट म्हटला. फक्त शेवट. आवाज स्वच्छ लागला. पुन्हा थांबली, तेवढाच वेळ. मग पुढच्या ओळीचा शेवट.

एक बाई हसली. “विसरली वाटतं.”

आजी म्हणाली, “पुढचं पन म्हन ना गो. नुसतं मागचं कशाला?”

“पुढचं मना दिलेलं नाय,” बहीण म्हणाली, आणि थांबण्याचा वेळ चुकू नये म्हणून लगेच पुढच्या ओळीच्या शेवटावर गेली.

बायका तिच्याकडे बघू लागल्या. मग त्यांनी मुलीला हळद लावायला सुरुवात केली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. खिशात बातमीची वही होती. लग्न चालू होते, त्यामुळे लिहायला हरकत नव्हती, असे मी स्वतःला सांगितले. ती थांबली की मी रेघेच्या डाव्या बाजूला जागा सोडत होतो आणि ती म्हणाली की उजव्या बाजूला लिहीत होतो. ती किती शांतता सोडते त्यावरून पुढचा भाग केवढा होता याचा अंदाज येत होता, म्हणून कधी जास्त जागा सोडली, कधी कमी.

धवला संपला तेव्हा वहीची पाच पाने झाली होती. नंतर तिला ती दाखवून विचारले की डाव्या बाजूचे काही आठवते का, अंदाजाने तरी. आठ वर्षे ती आत्याच्या मागे बसून ते ऐकत होती. तिने पाने चाळली.

“आठवतं,” ती म्हणाली. “सगलंच आठवतं. पन तिनी कानात दिल्याबिगर म्हनायचं नसतं.”

तिने वही मिटून परत दिली. पानांची डावी बाजू कोरी आहे.